मेंदूचा चित्रकार : रामोन इ काहाल

मेंदूचे संशोधक आता संगणकाच्या पडद्यावर एकेक चेतापेशी झाडासारखी उभी करतात, ती फिरवून चहूबाजूंनी पाहतात आणि संदेश कोणत्या फांदीतून कोठे गेला हे रंगाने दाखवितात. या चित्रांचे मूळ शोधू गेल्यास आपण एका चित्रवेड्या स्पॅनिश मुलापाशी पोहोचतो.

सांतियागो रामोन इ काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधील एका खेड्यात झाला. वडील वैद्यकी करीत. मुलाचा चित्रकलेचा नाद त्यांना मुळीच पसंत नव्हता. उनाड मुलाला वळण लागावे म्हणून त्यांनी त्याला न्हाव्याकडे व चांभाराकडेही कामाला ठेवले. अखेर स्मशानातील जुनी हाडे आणून त्यांनी स्वतःच त्याला शरीररचना शिकविली. हाडांची चित्रे काढता काढता मुलगा त्या विद्येत रमला.

१८७३ साली पदवी मिळवून काहाल लष्करी डॉक्टर म्हणून क्यूबाला गेले आणि हिवतापाने खंगून परतले. पुढे ते प्राध्यापक झाले. १८८७ साली माद्रिदमध्ये त्यांनी इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांची रीत पाहिली. चांदीच्या क्षाराने थोड्याच पेशी काळ्या होतात. पण ज्या होतात त्या फांद्यांसकट स्पष्ट दिसतात.

मेंदूतील सर्व तंतू एकमेकांत मिसळून एकच जाळे होते, असे गोल्जी मानीत. काहाल यांनी युक्ती केली. पूर्ण वाढलेल्या मेंदूचे घनदाट रान सोडून त्यांनी पक्ष्यांचे व लहान प्राण्यांचे कोवळे मेंदू घेतले. १८८८ साली बार्सेलोनात त्यांना दिसले की तंतू दुसऱ्या पेशीजवळ येऊन संपतो, तिच्यात मिसळत नाही. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे!

हे छापण्यासाठी त्यांनी पदरच्या पैशाने नियतकालिक काढले. पण स्पॅनिश वाचतो कोण? म्हणून १८८९ साली ते काचपट्ट्या घेऊन बर्लिनला गेले. तेथे थोर शरीरशास्त्रज्ञ क्योलिकर यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि त्यांची खात्री पटली.

१९०६ चे नोबेल पारितोषिक काहाल व गोल्जी यांना विभागून मिळाले. गोल्जींनी त्या समारंभातील व्याख्यानातही जाळ्याचाच पक्ष मांडला. काहाल १७ ऑक्टोबर १९३४ रोजी वारले. पेशी-पेशींमधील सूक्ष्म फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्पष्ट दाखविली ती १९५० नंतर.

काहाल चित्रांत बाण काढून संदेशाची दिशा दाखवीत. आज संगणकाला फांदीच्या प्रत्येक तुकड्याची जागा, जाडी आणि तो कशाला जोडला आहे हे आकड्यांत सांगावे लागते. एक जोड चुकला तर संदेशाचे सारे गणित चुकते. मग चित्र सुंदर, पण खोटे! ही चूक आकड्यांच्या रांगेत लपते, चित्रात मात्र डोळ्यांना दिसते. म्हणूनच चित्र हवे.

आमच्या घरांतही वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढणारी मुले आहेत. त्यांना रागे भरण्यापूर्वी आम्ही काहाल यांची आठवण ठेवावी.