रमाबाई रानडे : घरातल्या आठवणींचे मोल

आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखे ते काय असणार, असे पुष्कळ भगिनींना वाटते. अशा वेळी रमाबाई रानडे यांचे चरित्र आठवावे.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात झाला. त्या घरी मुलींना शिकवण्याची चाल नव्हती. १८७३ साली, अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने पाटी-पेन्सिल देऊन स्वतःच शिकवायला सुरुवात केली. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे रुचले नाही. टोमणे आणि अबोला सोसून, घरकाम सांभाळून, त्या मराठी शिकल्या आणि पुढे इंग्रजीही शिकल्या.

१९०१ साली माधवराव निवर्तले. न्यायमूर्ती म्हणून, अर्थशास्त्री म्हणून त्यांची थोरवी सांगणारे विद्वान पुष्कळ होते; परंतु घरातले माधवराव रमाबाईंनाच ठाऊक होते. त्यांनी नेमके तेच लिहिले. आंब्याची एखादी फोड खाऊन, आवडत असूनही, हात आवरणारे माधवराव त्यात आहेत. १८८६ च्या सुमारास कलकत्त्यास असताना बंगाली पुस्तकातले अडलेले शब्द हजामत करणाऱ्या न्हाव्याला विचारणारे माधवराव आहेत, आणि या नव्या गुरूचे रमाबाईंना आलेले हसूही आहे. सासरची बोलणी त्यांनी लिहिली, तशाच स्वतःच्या चुकाही लिहिल्या. म्हणून ते लिखाण खरे वाटते.

१९०९ साली पुण्यात सेवासदनाची स्थापना झाली. त्या संस्थेचा मोठा भार रमाबाईंवर होता. अशा धामधुमीतच १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९२४ साली रमाबाई गेल्या. त्यांनी ते लिहिले नसते, तर ती पाटी, ती आंब्याची फोड आणि तो न्हावी त्यांच्याबरोबरच गेले असते.

भगिनींनो, आरंभ जन्मापासूनच करायला हवा असे नाही. पहिली पाटी, सासरचा पहिला दिवस, एखादे बोलणे जे अजून मनात सलते, यातले एक घ्यावे. दुपारची झाकपाक झाली की वहीचे एक पान लिहावे. आपल्या सासूबाईंचे, आजीचे हस्ताक्षर किती जणींच्या घरी आहे? आपल्या नातींवर तरी ही वेळ येऊ नये.