जिम कॉर्बेट यांची हलकी रायफल

एन. सी. सी. च्या वार्षिक शिबिरात नेमबाजीच्या सरावासाठी आम्हांला पॉइंट टू-टूची रायफल मिळाली होती. पहिल्या दिवशी निम्म्याजणांच्या गोळ्या लक्ष्याच्या कागदालाही शिवल्या नाहीत. दोष अर्थातच रायफलीचा, असे सर्वांचे मत पडले आणि जो तो शेजाऱ्याची रायफल मागू लागला. हवालदारसाहेब मिशीतल्या मिशीत हसले. हत्यार बदलून नेम सुधारत नाही, हातात आहे त्याचा स्वभाव ओळखा, एवढेच त्यांनी सांगितले.

त्या रात्री तंबूत वाद रंगला. रानोमाळ भटकण्यात आयुष्य काढायचे आहे आणि खांद्यावर एकच रायफल नेता येणार आहे, तर ती कोणती? बहुमत मोठ्या रायफलीच्या बाजूचे होते. हत्ती पडेल अशी असली म्हणजे हरणाची काय कथा, असा त्यांचा बिनतोड मुद्दा! मला काही उत्तर सुचले नाही. शिबिराहून परतल्यावर ग्रंथालयातून जिम कॉर्बेट यांची पुस्तके पुन्हा काढली, तेव्हा ध्यानात आले की हाच प्रश्न एका माणसाने वादात नव्हे, तर प्रत्यक्ष जगण्यात सोडवला होता.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. भावंडांचा गोतावळा मोठा. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढूंगीला, असा या कुटुंबाचा रिवाज होता. १८८१ साली वडील वारले, तेव्हा जिम सहा वर्षांचाही नव्हता. घरात पैशांची चणचण होती. मात्र कालाढूंगीच्या घराबाहेर पाऊल टाकले की जंगल सुरू होत असे, आणि त्याला पैसे पडत नव्हते.

या पोराच्या हाती आलेली पहिली बंदूक म्हणजे एक जुनाट ठासणीची दुनळी. तिची उजवी नळी फाटलेली आणि मोडका दस्ता पितळी तारेने आवळून बांधलेला. दुनळी म्हणायची ती नावालाच. बार एकाच नळीतून काढता येई. शिवाय बार उडाला की पुन्हा दारू ठासेपर्यंत समोरचे जनावर थांबत नसते. त्यामुळे उडवावा की नाही याचा विचार चापावर बोट जाण्याआधीच करणे भाग होते. पुढे दहाएक वर्षांचा असताना शाळेच्या कॅडेट पथकातली ४५० बोअरची मार्टिनी रायफल त्याला वापरायला मिळाली. रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसे मोजून परत द्यायची, ही अट होती. हीसुद्धा एका वेळी एकच गोळी झाडणारी. याच रायफलीने त्याने आपला पहिला बिबट्या टिपला. म्हणजे गोळी एकच आहे असे धरून चालायचे, हा धडा त्याला शाळेच्या वयातच मिळाला होता.

शिक्षण पुरे करण्याची ऐपत नव्हती. अठराव्या वर्षाच्या सुमारास कॉर्बेट रेल्वेत चिकटले. पुढे बिहारमध्ये गंगेकाठच्या मोकामे घाटावर एका गाडीतला माल उतरवून नदीपलीकडे पोचवण्याचे कंत्राट त्यांनी घेतले आणि वीसएक वर्षे ते तेथे हमालांच्या बरोबरीने राबले. आपण त्यांना शिकारी म्हणून ओळखतो. पण ऐन उमेदीची वर्षे त्यांनी मालधक्क्यावर घालवली आणि नरभक्षकांच्या मागे ते गेले ते सुट्या काढून. हे लक्षात ठेवले की त्यांच्या शिकारीतला पायी चालण्याचा भाग नीट समजतो. हत्ती, हाकारे, मानकरी असा संस्थानी थाट त्यांच्याजवळ नव्हता. दोनचार माणसे, थोडे सामान आणि कुमाऊं-गढवालचे चढउतार, एवढाच त्यांचा लवाजमा.

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीच्या मागावर ते गेले. आधी नेपाळात आणि मग कुमाऊंत मिळून तिने ४३६ माणसे मारल्याची नोंद आहे. कॉर्बेट यांच्या हातात ५०० बोअरची जड रायफल होती आणि काडतुसे होती अवघी तीन. तिन्ही झाडून झाली आणि जखमी वाघीण समोर उभीच! तेव्हा धावत जाऊन तहसीलदारांच्या हातातली जुनाट बंदूक त्यांनी घेतली आणि तिने हे प्रकरण संपवले. पंचक्रोशी आनंदली. कॉर्बेट यांच्या मनात मात्र त्या तीन काडतुसांचा हिशेब राहिला असणार. रायफल जबरदस्त असून भागत नाही; ती चालवणाऱ्याची तयारी अपुरी असली की मोठे हत्यारही काठीसारखेच होते.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्यांना एक रायफल भेट दिली. लंडनच्या रिग्बी कंपनीची, माउझर पद्धतीच्या खटक्याची, २७५ बोअरची. दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी आणि तिच्यावर या भेटीचे कारण कोरलेले. माणसाने हौसेने निवडलेले हे हत्यार नव्हते, बक्षीस म्हणून आलेले होते. पण बक्षिसे बहुधा कपाटात जातात. ही रायफल कॉर्बेट यांच्या खांद्यावर गेली आणि पुढची कितीतरी वर्षे तेथेच राहिली. म्हणून निवड त्यांचीच म्हटली पाहिजे.

ती त्यांनी का केली असावी, हे समजण्यासाठी थोडा हिशेब मांडू. वाघासाठी म्हणून त्यांच्याजवळ ४५०/४०० ची दुनळी रायफलही होती. तिची गोळी ४०० ग्रेनची, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमची. रिग्बीची नेहमीची गोळी १४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम ९ ग्रॅमची. मोठी गोळी चालून येणाऱ्या वाघाला जागच्या जागी थोपवते. नेम किंचित चुकला तरी तिचा तडाखा चूक सांभाळून घेतो. दोन नळ्या असल्यामुळे दुसरा बार डोळ्याचे पाते लवण्याच्या आत काढता येतो. रिग्बीत काडतुसे पाच मावत. पण प्रत्येक बारानंतर खटका मागेपुढे करावा लागतो आणि समोरासमोरच्या गाठीत तेवढी सवड मिळेलच असे नाही.

मग लहान रायफलीच्या पारड्यात काय पडते? पहिले वजन. दिवसभर डोंगर चढणाऱ्याला संध्याकाळी प्रत्येक शेर जाणवतो आणि थकलेल्या हाताने धरलेली मोठी रायफल ताज्या हाताने धरलेल्या लहान रायफलीपेक्षा दुबळी ठरते. दुसरे म्हणजे धक्का. मोठ्या बाराचा दणका खांद्याला बसतो. त्याची धास्ती मनात शिरली की चाप ओढताना डोळा मिटतो आणि नेम ढळतो. तिसरे, गोळीचा वेग. हलकी, वेगवान गोळी बराच पल्ला जवळजवळ सरळ जाते, त्यामुळे दरीपलीकडच्या जनावरावर अंदाज बांधणे सोपे होते. आणि चौथे म्हणजे उपयोग. वाटेत माणसांच्या जेवणासाठी एखादे घोरल मारायचे तर तोफ काय कामाची?

परंतु या सर्व सोयींची किंमत एकच, आणि ती रोख मोजावी लागते: लहान गोळी चूक माफ करत नाही. ती नेमकी जागी बसली पाहिजे. त्यासाठी जवळ जायला हवे, वाट पाहायला हवी, जनावराच्या शरीराची रचना ठाऊक हवी आणि खात्री नसेल तर चाप न ओढण्याचा निग्रह हवा. मोठी रायफल बळ देते, लहान रायफल जबाबदारी देते.

अर्थात या विद्येचा उपयोग कशासाठी होतो, हे हत्यार ठरवत नाही. त्याच काळात आफ्रिकेत वॉल्टर बेल नावाचा स्कॉटिश शिकारी हिंडत होता. कारामोजो बेल या नावाने तो प्रसिद्ध आहे. हत्तीच्या मेंदूची जागा त्याने बारकाईने अभ्यासली होती आणि याच लहान काडतुसाने त्याने शेकडो हत्ती पाडले, हस्तिदंतासाठी. कौशल्य तेच, गोळी तीच. कॉर्बेट यांनीही हौसेखातर शिकार केली नाही असे नाही; पोवलगढचा प्रसिद्ध वाघ नरभक्षक नव्हता आणि तरीही १९३० साली त्यांनी तो मारला. थोर माणसाचे चरित्र लिहिताना हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र नरभक्षकाच्या कामगिरीवर जाताना त्यांच्या दोन अटी असत: जनावरावर लावलेले सरकारी इनाम रद्द व्हावे आणि इतर शिकाऱ्यांनी तो भाग सोडावा. इनामासाठी बंदूक उचलणाऱ्यांत आपली गणना होऊ नये, असे त्यांना वाटे.

रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात केदार-बदरीच्या यात्रामार्गावर १२५ माणसे मारली. संध्याकाळ झाली की गावेच्या गावे दारे लावून बसत. कॉर्बेट १९२५ मध्ये तेथे गेले. वीस रात्री त्यांनी नदीवरच्या पुलाच्या बुरुजावर जागून काढल्या. बिबट्या आला नाही. थकून ते परतले आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा आले. अखेर १९२६ च्या मे महिन्यात गुलाबराय येथील आंब्यावर ते रात्री बसले. खाली बोकड बांधलेले. त्याच्या गळ्यातली घंटा वाजली, रायफलीला बांधलेल्या विजेरीचा झोत पडला आणि एक बार उडाला. रायफल तीच, रिग्बीची. वर्षभराची पायपीट, जागरणे आणि अपयश एका बाजूला. दुसऱ्या बाजूला ९ ग्रॅमची एक गोळी.

पण या रायफलीची खरी परीक्षा झाली ती ११ एप्रिल १९३० रोजी. चौगढच्या वाघिणीने पाच वर्षांत ६४ माणसे मारली होती. तिच्या मागावर एका ओढ्यातून उतरत असताना कॉर्बेट यांना रातव्याची दोन अंडी दिसली. पक्ष्यांची अंडी जमवण्याचा त्यांना छंद होता. ती त्यांनी डाव्या हातात घेतली. थोडे पुढे जाऊन एका शिळेला वळसा घातला, उजव्या खांद्यावरून मागे पाहिले, तो वाघीण आठ फुटांवर दबा धरून बसलेली! रायफल उजव्या हातात, तोंड भलत्याच दिशेला. डावा हात अंड्यांत गुंतलेला. घाईने हालचाल केली असती तर वाघिणीने झेप घेतलीच असती. तिच्या डोळ्यांवरची नजर न काढता त्यांनी एका हाताने रायफल इंच इंच फिरवत आणली, दस्ता कुशीला टेकवला आणि चाप ओढला. जड दुनळी एका हातात अशी फिरवता आली नसती. नंतर त्यांनी स्वतःच या हलकेपणाचे ऋण मान्य केले आहे. आणि मग ते मागे वळले आणि अंडी जेथून उचलली होती तेथे नेऊन ठेवली.

मला वाटते, कॉर्बेट यांचे सगळे पुढचे आयुष्य त्या अंड्यांबरोबर वळले. खरे म्हणजे हे वळण काही एका दिवसात आले नाही. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांची वाघांची छायाचित्रे पाहून त्यांनी कॅमेरा हाती घेतला होता आणि तो उत्तरोत्तर रायफलीची जागा घेत गेला. कॅमेऱ्यालाही तोच गुण लागतो: जवळ जाणे, थांबणे, चाहूल ओळखणे. लहान रायफलीने जो संयम शिकवला, तोच कॅमेऱ्याने वापरला. १९३६ साली त्यांच्या प्रयत्नांचा हातभार लागून भारतातले पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. शेवटचा नरभक्षक त्यांनी १९३८ मध्ये मारला. दुसऱ्या महायुद्धात आपल्या नागपूरच्या शेजारच्या छिंदवाड्याला त्यांनी सैनिकांना जंगलात वावरण्याचे शिक्षण दिले, आणि १९४४ मध्ये कुमाऊंच्या नरभक्षकांवरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध होऊन ते जगभर गाजले.

१९४७ च्या अखेरीस बहीण मॅगीसह त्यांनी भारत सोडला आणि मुंबईहून बोटीने मोंबासा गाठले. ज्या देशाला आपला म्हटले तो या वयात का सोडला, याचे दुःख त्यांच्या चाहत्यांना आजही होते. केनयातील न्येरी येथे १९ एप्रिल १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. थोड्याच काळात इकडे त्या राष्ट्रीय उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा प्रारंभही तेथूनच झाला. रायफल त्यांच्या पश्चात पुस्तकांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली आणि पुष्कळ वर्षांनी रिग्बी कंपनीकडे परतली. १९७२ च्या कायद्याने आपल्याकडे शिकारीची रानवाट बंद केली आहे, आणि ते योग्यच झाले.

तेव्हा तंबूतल्या त्या प्रश्नाला आता काय उत्तर द्यावे? रायफल निवडण्याची वेळ आमच्यापैकी कुणावर येणार नाही. पण पदवीचे भेंडोळे घेऊन बाहेर पडताना प्रत्येकाला काहीतरी एक खांद्यावर घ्यायचेच आहे. एक विषय, एक व्यवसाय, एखादी कला. आपली चूक झाकून घेईल असे भारी काहीतरी मिळावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. कॉर्बेट यांच्याजवळ तसे हत्यार होते. तरी आयुष्यभराच्या वाटचालीला त्यांनी दुसरे घेतले: दिवसभर चालून हाताला जड न होणारे, आणि चुकलो तर चूक आपलीच आहे हे स्पष्ट सांगणारे. पुढच्या शिबिरात हवालदारसाहेब देतील ती रायफल मी मुकाट्याने घेणार आहे.