शंकर बाळकृष्ण दीक्षित : आकाशाचे ज्ञान मराठी घरांत आणणारे गुरुजी



आपली इबादत आकाशाशी बांधलेली आहे. पाच वेळच्या नमाजा सूर्याच्या गतीवर चालतात, रमजान आणि ईद चंद्रदर्शनावर ठरतात आणि किब्ल्याची दिशा पृथ्वीच्या गोलावरील दोन स्थळांच्या संबंधावरून निघते. आकाशाकडे पाहा, रात्र आणि दिवस यांच्या फेऱ्यांवर विचार करा, अशी प्रेरणा कुरआन पुनःपुन्हा देतो. ही प्रेरणा केवळ आलिमांना किंवा गणितज्ञांना दिलेली नाही. ती शेतकऱ्याला, विणकराला, घर सांभाळणाऱ्या मातेला आणि शाळेत जाणाऱ्या मुलीला, सर्वांनाच आहे. तरीही आज आपल्या कित्येक घरांत आकाश पाहिलेच जात नाही. नमाजेची वेळ भिंतीवरच्या तक्त्यावरून कळते, चंद्राची वार्ता मोबाइलवरून येते आणि दरवर्षी शाबानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्रावरून वाद मात्र हमखास होतो. ज्या गोष्टीवर वाद घालतो, ती समजून घेण्याचे कष्ट आपल्यापैकी किती जण घेतात?

या प्रश्नाचा विचार करताना एका मराठी शिक्षकाचे चरित्र डोळ्यांपुढे येते. ते आपल्या धर्माचे नव्हते. कोकणातील एका ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता. परंतु आकाशाचे ज्ञान सामान्य माणसाच्या हाती देण्याचे जे काम त्यांनी केले, त्याचा लाभ आपल्यालाही झालेला आहे. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळच्या मुरुड या समुद्रकाठच्या गावी झाला. शिक्षण गावच्या मराठी शाळेत झाले आणि त्याच्या जोडीला थोडे संस्कृत घडले. पुढे ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले. मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारी ही संस्था होती. १८७४ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि त्यांचे औपचारिक शिक्षण तेथेच थांबले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. वेधशाळेतील नोकरी नव्हती, मोठी दुर्बीण नव्हती आणि श्रीमंत आश्रयदाताही नव्हता. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुणे अशी बदल्यांची वाट त्यांनी चालली. दिवसभर मुलांना शिकवायचे आणि उरलेल्या वेळात अभ्यास करायचा, असा त्यांचा आयुष्यक्रम होता.

ज्योतिषाकडे त्यांचे लक्ष वळण्यास एक वाद निमित्त झाला. त्या काळी महाराष्ट्रात पंचांगावरून मोठी चर्चा चालू होती. जुन्या ग्रंथांवरून केलेल्या गणितात शतकानुशतके साठत आलेला फरक आकाशात स्पष्ट दिसू लागला होता. पंचांगात ग्रह एके ठिकाणी आणि आकाशात दुसऱ्याच ठिकाणी, असे घडत होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ग्रहगणिताची कोष्टके मराठीत प्रसिद्ध करून सुधारणेची वाट उघडली होती. विसाजी रघुनाथ लेले यांचा आग्रह असा की, वर्ष ऋतूंशी जुळले पाहिजे, म्हणजे ते सायन पद्धतीने मोजले पाहिजे. निरयन पद्धतीचे लोक वर्ष ताऱ्यांवरून मोजत. ठाण्यात असताना जनार्दन बाळाजी मोडक यांच्या सहवासात दीक्षित या प्रश्नात खोलवर शिरले आणि सायन पक्षाच्या कार्यात सहभागी झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपले हिजरी वर्ष शुद्ध चांद्र आहे. ते सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे सौर वर्षापेक्षा जवळजवळ ११ दिवसांनी लहान असते. म्हणून रमजान सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. नाशिकच्या थंडीतील आखूड रोजे आणि वैशाखातील लांब रोजे एकाच माणसाला आयुष्यात पाहावयास मिळतात. पंचांगाच्या वादात ऋतूंशी वर्ष कसे जुळवावे, हा प्रश्न होता. हिजरी वर्षापुढे तो प्रश्नच नाही. मात्र दोन्हींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे आकाशाचे नीट निरीक्षण. दीक्षितांची निष्ठा या मुळाशी होती. ग्रंथात काय लिहिले आहे ते पाहावे, गणित करावे आणि मग वर आकाशाकडे पाहून दोन्ही पडताळावीत, ही त्यांची रीत होती.

हे सर्व त्यांनी केवळ पंडितांसाठी केले असते तर त्यांचे नाव अभ्यासकांपुरतेच उरले असते. परंतु ते हाडाचे शिक्षक होते. १८८२ मध्ये त्यांनी 'सृष्टचमत्कार' हे पुस्तक लिहिले आणि दहा वर्षांनी, १८९२ मध्ये, 'ज्योतिर्विलास' लिहिले. या दुसऱ्या पुस्तकाला त्यांनी जोडनाव दिले ते रात्रीच्या दोन घटकांच्या मौजेचे. घटका म्हणजे २४ मिनिटे. दोन घटका म्हणजे पाऊण तासाहून किंचित अधिक. एवढा वेळ कोणाकडे नसतो? त्या काळी खगोलाचे ज्ञान संस्कृत श्लोकांत किंवा इंग्रजी ग्रंथांत कोंडलेले होते. संस्कृतची दारे बहुजनांना बंद होती आणि इंग्रजी मूठभरांनाच येत होती. अशा वेळी एका शाळामास्तराने ते ज्ञान सुबोध मराठीत आणले आणि ते भीतीचा किंवा परीक्षेचा विषय न करता आनंदाचा विषय केला. मराठी वाचता येणाऱ्या कोणालाही, मग तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो, त्या दारातून आत जाता येत होते.

यात त्यांच्या नोकरीचाही वाटा होता. धुळे हे आपल्या नाशिकच्या शेजारचेच शहर. तेथील ट्रेनिंग स्कुलात आणि १८९४ नंतर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात ते होऊ घातलेल्या शिक्षकांना शिकवीत. एका शिक्षकाला शिकविले की त्याच्या हाताखालून जाणाऱ्या शेकडो मुलांपर्यंत ते पोचते. मदरशात आणि मकतबात शिकविणाऱ्या माझ्या बांधवांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी.

त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ 'भारतीय ज्योतिषशास्त्र' १८९६ मध्ये पुण्यात छापला गेला. ज्योतिष या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. ग्रंथाचा मुख्य विषय भविष्यकथन नसून या देशातील गणिताचा आणि आकाशनिरीक्षणाचा इतिहास हा आहे. वेदकालापासून आपल्या काळापर्यंतच्या ग्रंथकारांचा असा शोध तोपर्यंत कोणत्याही भारतीय भाषेत घेतला गेला नव्हता, आणि तो त्यांनी मराठीत घेतला. पुढे या ग्रंथाची हिंदीत आणि इंग्रजीत भाषांतरे झाली. म्हणजे जगाला तो मराठीतून घ्यावा लागला.

या इतिहासात त्यांनी मुस्लिम विद्वानांना बाजूला ठेवले नाही. अबू रैहान अल्-बेरुनी यांनी अकराव्या शतकात हिंदुस्थानाविषयी जे लिहून ठेवले, त्याचा उपयोग दीक्षितांनी भारतीय ग्रंथकारांचे काळ ठरविताना केला. जयपूरच्या जयसिंहांच्या दरबारात अरबी ग्रंथावरून संस्कृत ग्रंथ रचला गेला, त्याचीही नोंद त्यांनी केली. बेरुनींनी संस्कृत शिकून पंडितांचे ज्ञान अरबीत नेले आणि आठशे वर्षांनी एका मराठी पंडिताने बेरुनींचा आधार घेऊन आपल्याच देशाचा इतिहास लिहिला. ज्ञान असे फिरत राहते. त्याला कुंपण घालणारा स्वतःच्याच घरात अंधार करतो.

आता जो ग्रंथ आपल्याशी थेट संबंधित आहे, त्याकडे वळू. प्राचीन शिलालेखांवरील तिथी पडताळून त्यांची इसवी सनातील तारीख काढण्यात दीक्षितांचा हातखंडा होता. गुप्त राजांच्या लेखांवर काम करणारे फ्लीट यांना त्यांच्या गणिताचे मोठे साहाय्य झाले. पुढे मद्रास इलाख्यातील सेवानिवृत्त अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांनी 'द इंडियन कॅलेंडर' हा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. तोही १८९६ मध्येच लंडनहून निघाला. इसवी सन ३०० ते १९०० या सोळाशे वर्षांतील हिंदू तिथींची कोष्टके त्यात आहेत. त्याचबरोबर हिजरी तारखा इसवी सनात बदलण्याची कोष्टकेही त्यात आहेत. एखाद्या दर्ग्यावरील किंवा मशिदीवरील फारसी शिलालेखाची तारीख काढावयाची असली की इतिहाससंशोधक वर्षानुवर्षे या ग्रंथाकडे वळत आले.

त्याच ग्रंथात शुहूर सनाचेही विवेचन आहे. हा सन आपल्या महाराष्ट्राचा एक विसरलेला ठेवा आहे. हिजरी ७४५ च्या सुमारास तो सुरू झाला. त्याचे आकडे अरबी, पण वर्ष सौर. त्याचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे शेतकऱ्याच्या पेरणीच्या तोंडावर. शिवकालीन आणि पेशवेकालीन मोडी पत्रांत वर्ष लिहिताना इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस असे शब्द येतात. हे अरबी अंकांचेच मराठी उच्चार आहेत. इहिदे सबैन अलफ म्हणजे १०७१. त्यात ५९९ मिळविले की १६७० हे इसवी वर्ष येते. या मातीत अरबी अंक, मराठी लेखणी आणि पावसाचे नक्षत्र शेकडो वर्षे एकाच ओळीत नांदले. मराठी आणि इस्लाम यांच्यात आडपडदा आहे असे मानणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, ही ओळ एकदा वाचावी.

१८९६ हे वर्ष दीक्षितांच्या आयुष्याचे शिखर ठरले. त्यानंतर त्यांना थोडाच काळ मिळाला. एप्रिल १८९८ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना पंचेचाळिसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

वाचकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? ज्ञानासाठी साधने नसल्याची सबब पुरत नाही, ही पहिली गोष्ट. ज्ञान आपल्या घरच्या भाषेत आल्यावाचून ते घराचे होत नाही, ही दुसरी. आपली मुले मराठी शाळांत शिकतात, घरी मराठी बोलतात. मग खगोलाची गोष्ट त्यांना मराठीत सांगण्यास संकोच कसला? आणि ज्ञान ही अमानत आहे, ती अडवून ठेवता येत नाही, ही तिसरी. बेरुनींनी १०२९ मध्ये 'तफहीम' हा खगोल आणि गणिताची ओळख करून देणारा ग्रंथ प्रश्नोत्तरांच्या रूपाने लिहिला, तो ख्वारिज्मच्या रैहाना नावाच्या एका स्त्रीसाठी. हजार वर्षांपूर्वी एका स्त्रीच्या जिज्ञासेसाठी एवढा मोठा विद्वान लेखणी हाती घेतो. मग आपल्या लेकीने चंद्राविषयी काही विचारले तर तिला गप्प करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आरंभ सोपा आहे. मगरिबची नमाज झाल्यावर मुलामुलींना गच्चीवर किंवा अंगणात न्या. हिलाल दिसला की त्याची जागा लक्षात ठेवा आणि दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही त्याच वेळी पाहा. चंद्र रोज सूर्यापासून दूर सरकतो आणि सरासरी दोन घटका उशिरा मावळतो, हे त्यांना स्वतःच दिसेल. उत्तरेला ध्रुव दाखवा. नाशिक सुमारे २० अंश अक्षांशावर असल्यामुळे ध्रुव येथे क्षितिजापासून सुमारे २० अंश वर दिसतो. हात लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवल्या की तेवढी उंची होते. २८ मेच्या दुपारी २ वाजून ४८ मिनिटांच्या सुमारास सूर्य काबागृहाच्या माथ्यावर असतो. त्या क्षणी उन्हात एक काठी सरळ उभी करा. सावलीच्या उलट बाजूला किब्ला असेल, पश्चिमेपासून थोडा उत्तरेकडे झुकलेला. यासाठी पदवी लागत नाही, पैसा लागत नाही, दुर्बीणही लागत नाही. लागतात त्या दोन घटका.

यामुळे चंद्रदर्शनाचे निर्णय घराघरांत होऊ लागतील असे नव्हे. ते जबाबदार आलिमांनी साक्षी तपासूनच करावेत. परंतु ज्या घरात चंद्राची चाल ठाऊक आहे, त्या घरात अफवेला जागा उरत नाही आणि मतभेद झाला तरी कडवटपणा येत नाही.

अल्लाह आपल्या मुलामुलींना आपल्या निशाण्या पाहण्याची दृष्टी देवो, त्या समजून घेण्याची बुद्धी देवो आणि जे समजले ते दुसऱ्यांना निःसंकोच देण्याचे औदार्य देवो. आमीन.