वाळवंटातील बंधू : संत शार्ल द फुको

प्रतिवर्षी १ डिसेंबर रोजी ख्रिस्तसभा संत शार्ल द फुको यांचे स्मरण करते. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी आपल्या भारताचे रक्तसाक्षी देवसहायम यांच्यासमवेत त्यांना संतपद बहाल केले.

१५ सप्टेंबर १८५८ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे त्यांचा जन्म झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. तारुण्यात श्रद्धा गमावलेले हे लष्करी अधिकारी चैनीत रमले. मोरोक्कोच्या प्रवासात (१८८३-८४) मुस्लिमांची प्रार्थनानिष्ठा पाहून त्यांचे मन हेलावले. १८८६ साली पॅरिसमध्ये पापनिवेदन करून ते देवाकडे परतले. पुढे त्रापिस्त मठात आणि नंतर नाझरेथ येथे मठाचे नोकर म्हणून राहून १९०१ साली ते धर्मगुरू झाले.

१९०५ साली ते अल्जेरियातील तामानरासेत येथे तुआरेग लोकांमध्ये वस्तीस गेले. उंट-शेळ्या पाळणारा हा भटका मुस्लिम समाज. येथे पुरुष तोंड झाकतात, स्त्रिया नाही. १९०८ च्या दुष्काळात फादर मरणासन्न झाले, तेव्हा याच गरिबांनी दुर्मीळ झालेले शेळीचे दूध गोळा करून त्यांना वाचविले. द्यायला आलेला माणूस घेणारा झाला. त्यांनी तुआरेगांची शेकडो काव्ये उतरवून घेतली, चार खंडांचा शब्दकोश रचला.

मात्र फ्रेंच सत्तेवर त्यांचा विश्वास होता व अधिकारी त्यांचे मित्र होते, हे आम्ही लपवू इच्छित नाही. पहिल्या महायुद्धात गावकऱ्यांच्या आश्रयासाठी बांधलेल्या त्यांच्या छोट्या गढीत बंदुकाही होत्या. १ डिसेंबर १९१६ रोजी ओळखीच्या हाकेला त्यांनी दार उघडले. हल्लेखोरांनी त्यांना बांधले आणि गोळी घातली.

तुआरेगांचे दुःख आजही सरलेले नाही. वसाहती संपल्या, परंतु नव्या सीमांनी हा समाज अल्जेरिया, माली, नायजर, लिबिया, बुर्किना फासो अशा देशांत विभागला गेला. २०१२ साली मालीच्या उत्तरेत तुआरेग बंडखोरांनी स्वातंत्र्य घोषित केले; कोणत्याही देशाने ते मानले नाही. २०१५ चा शांतता करार मालीच्या लष्करी सरकारने जानेवारी २०२४ मध्ये मोडीत काढला.

तुआरेगांमध्ये फादरांच्या हातून ख्रिस्तमंडळी उभी राहिली नाही. हयातीत त्यांना धर्मबंधूंची साथही लाभली नाही. त्यांच्या प्रेरणेने येशूचे लहान बंधू हा संघ १९३३ साली स्थापन झाला. आम्ही सेवेचा हिशेब आकड्यांत मांडतो. शेजाऱ्याची भाषा शिकणे आणि त्याच्या हातचे दूध कृतज्ञतेने घेणे, हीही सुवार्ताच नव्हे काय?