भट्टीला अक्कल देणारा माणूस

कंट्रोल सिस्टीम्स शिकताना फीडबॅकची गोष्ट बहुतेक वेळा जेम्स वॅटच्या गव्हर्नरपासून सुरू होते. पण त्याच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी एका डच माणसाने भट्टीला स्वतःचं तापमान स्वतः सांभाळायला शिकवलं होतं. कॉर्नेलिस ड्रेबेल त्याचं नाव. जगाला तो पाणबुडीमुळे माहीत आहे. मला मात्र त्याची भट्टीच जास्त भावते.

ड्रेबेल १५७२ साली हॉलंडमधल्या आल्कमार गावी जन्मला. डिग्री वगैरे काही नाही. हार्लेमला हेंड्रिक गोल्टझियस या नामवंत चित्रकाराकडे तो तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायला शिकला आणि पुढे त्याच्याच बहिणीशी, सोफियाशी, लग्न केलं. हात चित्रांत आणि डोकं यंत्रांत, असा प्रकार! १५९८ मध्ये त्याने पाणी उपसण्याच्या यंत्राचं पेटंटही मिळवलं.

१६०४ च्या सुमारास तो इंग्लंडला गेला आणि राजा पहिला जेम्स याच्या मर्जीत बसला. एल्थमच्या राजवाड्यात त्याने आपोआप चालणारं एक यंत्र मांडलं. लोक ते बघायला लांबून यायचे. त्यात जादू नव्हती. हवेचं तापमान आणि दाब बदलला की आतला द्रव वर-खाली व्हायचा, एवढंच. पण उष्णतेने पदार्थ फुगतो आणि त्या फुगण्यातून काम करून घेता येतं, ही गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली.

१६१० मध्ये सम्राट दुसऱ्या रुडॉल्फने त्याला प्रागला बोलावलं. पुढच्याच वर्षी रुडॉल्फची सत्ता गेली, ड्रेबेल तुरुंगात पडला आणि सुटून १६१३ मध्ये लंडनला परतला. १६२० च्या सुमारास चामड्याने मढवलेली, वल्ह्यांनी चालणारी त्याची पाणबुडी थेम्स नदीत उतरली.

आता भट्टीकडे येऊ. त्याला कोंबडीशिवाय अंडी उबवायची होती. त्यासाठी २१ दिवस साधारण ३७.५ अंश ऊब लागते. रात्री राखण करणारा पेंगला की अंडी गेली! ड्रेबेलने पेटीच्या भिंतीत पाणी ठेवलं आणि त्या पाण्यात अल्कोहोल भरलेली काचेची नळी. तिच्या टोकाला पारा, पाऱ्यावर दांडी आणि दांडीला जोडलेली धुराच्या वाटेवरची झडप. ऊब वाढली की अल्कोहोल फुगायचं, पारा वर चढायचा, झडप मिटायची, हवेचा ओढा कमी व्हायचा आणि विस्तव मंदावायचा. गार झालं की सगळं उलट. स्क्रू फिरवून दांडी कमी-जास्त करता यायची. म्हणजे आपल्या भाषेत सेट पॉइंटसुद्धा होता!

यातली खरी हुशारी अशी की त्याने विस्तव विझवला नाही, फक्त त्याची हवा आवळली. कारण घन इंधन गॅससारखं बटणावर बंद होत नाही. परदेशात घरोघरी लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारे पेलेट स्टोव्ह असतात. त्यांना प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट जोडताना नेमका हाच मुद्दा येतो. थर्मोस्टॅट स्टोव्हची मेन लाइन तोडत नाही. दोन बारीक वायरींनी तो स्टोव्हच्या कंट्रोलरला फक्त सांगतो, की खोली उबदार झाली. मग गोळ्या ढकलणारा स्क्रू थांबतो किंवा हळू होतो, पण भांड्यातल्या गोळ्या जळतच असतात. धूर बाहेर काढायला पंखा फिरत राहावाच लागतो. सप्लायच तोडला तर धूर घरात! स्टोव्ह पुन्हा पेटायला काही मिनिटं लागतात, म्हणून चालू आणि बंद होण्याच्या तापमानात थोडं अंतरही ठेवावं लागतं, नाहीतर तो दिवसभर पेटत-विझत बसेल.

आपल्या पट्ट्यातही ड्रेबेल जागोजागी भेटतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली. तिथे अंड्यांऐवजी पेनिसिलिनची जिवंत बुरशी होती, पण तापमान असंच जपावं लागायचं. सुट्टीत मी भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये ट्रेनिंग केलं. चाकणला जाणारे गिअर तिथे भट्टीत तापतात. पाऱ्याच्या जागी थर्मोकपल आणि दांडीच्या जागी पीआयडी कंट्रोलर, बाकी लूप तोच.

ड्रेबेलचा शेवट मात्र वाईट झाला. १६२७-२८ मध्ये ला रोशेलच्या मोहिमेत त्याची स्फोटकं फसली, राजाश्रय गेला आणि पोटासाठी त्याला लंडनमध्ये दारूचा गुत्ता चालवावा लागला. १६३३ मध्ये तो गेला. भट्टीची रीतसर ड्रॉइंग्ज त्याने छापली नव्हती. कुफलर नावाच्या जावयाने काम जिवंत ठेवलं आणि १६६३ मध्ये लंडनला आलेल्या माँकॉनी या फ्रेंच प्रवाशाने भट्टीचं वर्णन लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला एवढं तरी कळतं. घरच्या कोळशाच्या भट्टीचा डँपर हलवणारा थर्मोस्टॅट अमेरिकेत अल्बर्ट बट्झने केला तो थेट १८८५ मध्ये. त्याच्याच पेटंटांतून पुढे हनीवेल उभी राहिली. मधली अडीचशे वर्षं ड्रेबेलची युक्ती फारशी कुणाच्या घरी पोचलीच नाही.

तेव्हा मंडळी, प्रोजेक्ट चालला म्हणजे संपला, असं समजू नका. रिपोर्टमधली सर्किट डायग्राम सबमिशनच्या आदल्या रात्री घाईत उरकण्याची गोष्ट नाही. आपण पास होऊन निघून जातो. मॉडेल लॅबच्या कपाटात धूळ खात पडतं. पुढच्या बॅचच्या हाती येतो तो आपला कागद.