किहीमचा किनारा आणि डॉ. सलीम अली

डॉ. सलीम अली हे नाव पालकांनी व विद्यार्थ्यांनी ऐकलेले असते. त्यांच्या बेकारीचे दिवस मात्र सहसा कोणी सांगत नाही. मला ते अधिक मोलाचे वाटतात.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना खेतवाडीत वाढविले. दहाएक वर्षांचे असताना छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथे मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेले पक्षी दाखविले आणि मुलाला नाद लागला. अभ्यासात मात्र यथातथाच! १९१३ साली मॅट्रिक कसेबसे पार पडले. विद्यापीठाची पदवी पदरी नव्हती म्हणून पुढे एक सरकारी नोकरी हुकली.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा मिळाली. १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला प्रोफेसर श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परतले, तो निधीअभावी ती जागाच रद्द झालेली!

पत्नी तहमिना बेगम यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहू लागले. तेथील किनार्‍यावरचे थंडीचे पाहुणे वसंतात उत्तरेकडे निघून जातात. सुगरण पक्षी मात्र पावसाच्या सुमारास घरटी विणायला घेतो. सलीम अलींनी घरट्यांजवळ ठाण मांडले आणि जे दिसले ते रोज टिपून ठेवले. नर अर्धेच घरटे विणतो आणि थांबतो. मादी येते, आत शिरून पारखते. तिला पसंत पडले तरच तो बोगद्यासह घरटे पुरे करतो. नापसंत झाले तर ते तसेच लोंबत राहते. एक संसार थाटून झाला की तोच नर दुसरे घरटे सुरू करतो, दुसर्‍या मादीसाठी! अंडी उबवणे मादीकडेच. विणकर नर असूनही आपण त्याला सुगरण म्हणतो, ही आपल्या भाषेची गंमतच. एकामागून एक माद्या करण्याची ही रीत त्यांनी नीट उलगडून मांडली आणि जाणकारांत त्यांचे नाव झाले. पगार मात्र नव्हताच.

पुढे संस्थानांतील पक्ष्यांच्या पाहण्या त्यांनी केल्या, प्रवासखर्च मिळाला तरी पुरे या बोलीवर. तहमिना बेगम बरोबर असत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. बहीण व मेहुण्यांनी त्यांना आपल्या घरी नेले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९७४ मध्ये पुरा झाला.

पद्मभूषण, पद्मविभूषण, राज्यसभा हे सारे मिळाले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. नावामागील डॉक्टर ही पदवी सन्मानाची. त्यांना ती अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने १९५८ साली दिली होती.