चुकांचे निदान करणाऱ्या ग्रेस हॉपर

बारामती-इंदापूरच्या कॉलेजांतली मुले लिनक्सवर सोर्स कोड कंपाइल करू लागली, की पडद्यावर चुकांची रांग लागते. शेवटची ओळ वाचून ती हताश होतात. कंपायलरचा पाया घालणाऱ्या ग्रेस हॉपर यांचा जन्म १९०६ साली न्यूयॉर्कचा. वय जास्त, वजन कमी म्हणून अमेरिकी नौदलाने या गणितज्ञ बाईंना आधी नाकारले. १९४३ मध्ये सवलत मिळवून त्या भरती झाल्या आणि हार्वर्डच्या संगणकावर रुजू झाल्या. १९४७ मध्ये तिथला मार्क-२ संगणक अडला, तेव्हा रिलेत अडकलेले पाखरू सापडले. ते नोंदवहीत चिकटवले गेले. किस्सा हॉपर यांनी सर्वदूर पोचवला.

प्रोग्रामचे तेच ते भाग हाताने उतरवताना चुका होत. म्हणून १९५२ च्या सुमारास त्यांनी ए-० हा कंपायलर रचला. टेपवरचे तयार भाग तो स्वतः शोधून जोडत असे. आजही गाडे अनेकदा अशाच न सापडलेल्या भागापाशी, म्हणजे लायब्ररी किंवा हेडर फाइलपाशी अडते. निदान पहिल्या चुकीचे करावे. पुढच्या ओळी बहुधा तिचीच लक्षणे असतात.

नाकारणाऱ्या नौदलातूनच हॉपर ७९ व्या वर्षी रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.